कानापंतांची मोहीम, अर्थात कलम चौदा काबीज केल्याची हकीकत

ऐकणारांचे कान आणि वाचणारांचे डोळे शाबूत राहोत. लिहिण्यास कारण ऐसे की, मुद्रितशोधनाच्या दौलतीचे खावंद, ऱ्हस्वाचे रखवालदार, दीर्घाचे दारोगे, राजमान्य राजश्री कानापंत यांनी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आपल्या मिळकतीचा बंदोबस्त करून एक धर्मादाय न्यास उभा करण्याची मसलत धरिली, आणि सात मसुद्यांच्या घनघोर रणानंतर ती शेवटास नेली, त्याची हकीकत पुढिलांस कळावी. यात पदरचे काही घातले नाही.

कानापंत हा किताब छापखान्याने बहाल केला. चाळीस वर्षे त्यांनी छापखान्याच्या मागल्या खोलीत खिडकीशी टेबल लावून, तांबडी पेन्सिल हाती धरून ठाणे राखिले, आणि त्यांच्या नजरेखालून एक काना फाजील गेला नाही की एक कमी पडला नाही, म्हणोन कानापंत. घरात त्यांस आप्पा म्हणत. अपत्ये दोन. थोरल्या कन्या ताईसाहेब, शाळेत इतिहास शिकवीत आणि आप्पांजवळच राहत. आणि धाकटे चिरंजीव, परगावी नोकरीस असून दर रविवारी फोनवरून स्वारी करीत.

मुद्रितशोधनाचा शिरस्ता ऐसा की, एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने नव्या प्रतीवर नजर ठेवून ताडून पाहावे. आणि वाचणाऱ्याने विरामचिन्हेसुद्धा उच्चारावी. ही वाचकाची चाकरी ताईसाहेबांकडे आठव्या वर्षीच आली, आणि त्याचा परिणाम ऐसा जाहला की, त्या पोरवयात हाकही "आप्पा स्वल्पविराम जेवायला चला पूर्णविराम" ऐशी देत. आणखी एक शिरस्ता ध्यानी धरावा. जी चूक पाहूनही राखावी ऐसे कानापंतांच्या मनात येई, तिच्याखाली ते बारीक टिंबांची रांग देत आणि समासात "असो" लिहीत. म्हणजे, पाहिले आहे, तसेच राहू द्यावे. चाळीस वर्षांत ऐसे "असो" त्यांनी एका हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच दिले. त्या बाबतीत कंजूष माणूस.

आता मोहिमेचे मूळ. ताईसाहेबांच्या मातोश्री रोज सकाळी वर्तमानपत्र उघडून खिडकीशी बसत. त्या गेल्यावर कपाट आवरताना त्यांचा चष्मा निघाला, त्याची एक काच तडकलेली, आणि ती दोन वर्षांमागे तडकल्याचे शेजारणीने सांगितले. नवा करा म्हणून त्या बोलल्या नाहीत. मग आप्पांस आठवले की शेवटी शेवटी त्या कालचाच अंक आज धरून बसत, आणि आपण समोर बसून दुसऱ्यांच्या वेलांट्या दुरुस्त करीत होतो. त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी फर्मान निघाले: "एकच चूक सुटली माझ्या नजरेतून. ती घरातली होती."

तेव्हा ठरले ते ऐसे. दोन्ही मुलांस जे द्यायचे ते बक्षीसपत्राने आधीच देऊन टाकावे, आणि उरलेल्या ठेवी व राहते घर यांचा न्यास करावा. डोळ्यांपायी ज्यांचे वाचन थांबले त्यांस न्यासाने चष्मे द्यावे, पुढली खोली वाचनाची करावी, मागल्या दोन खोल्या ताईसाहेबांकडे त्यांच्या हयातीपर्यंत राहाव्या. धाकटे चिरंजीव फोनवरून म्हणाले, "आप्पा, एवढा कागदांचा पसारा कशाला? तुमच्या माघारी आम्ही करूच की." त्यावर उत्तर रवाना जाहले: "तुम्ही दोघं चांगले आहात. चांगली माणसंच पुढं ढकलतात."

हे ऐकून चिरंजीव शरण आले आणि तहाचे बोलणे लाविले.

"बरं, मग न्यासात मला पद काय?"

"चिटणीस."

"आणि मानधन?"

"चाळिशी लागली की एक चष्मा."

नावाचाही खल आठ दिवस चालला. चिरंजीवांनी "कानापंत प्रतिष्ठान" सुचविले. आप्पांनी ते दोन कारणांनी बाद केले: एक, आपले नाव पाटीवर नको, दुसरे, "'प्रतिष्ठान'मधला ष्ठ लोक ष्ट लिहितात, आणि मग प्रतिष्ठा तिथंच जाते. न्यास बरा. दोन अक्षरं. चुकायला जागा नाही." शेवटी, मुद्रितशोधक म्हणजे मजकुरावरची दुसरी नजर, आणि चष्माही तोच, ऐसा विचार करून "दुसरी नजर न्यास" हे नाव मुक्रर जाहले.

मग वकीलसाहेबांस पाचारण केले. हे वकीलसाहेब म्हणजे ताईसाहेबांचे पूर्वीचे विद्यार्थी, ज्यांस त्यांनी इतिहासात काठावर उत्तीर्ण केले होते, तेणेकरून ते या घरी खुर्चीच्या टोकावर बसत. त्यांनी तीन दिवसांत पहिला मसुदा पाठविला. जेवणाच्या टेबलावर मेणकापड पुसून घेतले, भिंग मांडिले, तांबड्या पेन्सिलीस टोक केले, आणि पितापुत्री समोरासमोर मोर्चे बांधून बसली. आप्पांचा हात आता कापत असे, म्हणून ते दुरुस्ती सांगत आणि ताईसाहेब ती समासात लिहीत. कलम आठपर्यंत शंभरावर चुका कैद जाहल्या. कलम नऊ आले, आणि ताईसाहेब वाचता वाचता थबकल्या.

"वाच ना."

"लाभार्थ्यांना वर्षातून दोनदा जंतनाशक औषध द्यावे स्वल्पविराम आणि त्यांच्या गळ्यात पट्टा बांधावा पूर्णविराम."

खबर अशी निघाली की, वकीलसाहेबांनी पूर्वी भटक्या मांजरांच्या एका न्यासाचा दस्त केला होता, आणि तोच पुढे ठेवून नावे बदलिली होती. त्या दिवशी जुळारीकाका घरी आले होते. हे छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवीत. चाळीस वर्षे चुका त्यांनी कराव्या आणि कानापंतांनी धराव्या, ऐसा दोघांचा दोस्ताना. ते चहा ओतून घेत म्हणाले, "राहू दे की. वाचणाऱ्यांनाही जंत असतातच." आप्पा इतके हसले की ताईसाहेबांनी पाणी आणिले. वैद्यांनी हसण्यास मनाई केली नव्हती, पण जिना, मीठ आणि संताप यांस केली होती, कारण आप्पांच्या काळजाची एक झडप नादुरुस्त होती.

दुसरा मसुदा आला, तो परत गेला. तिसरा आला, तोही गेला. चौथ्यात "विश्वस्त" हा शब्द एके ठिकाणी "विश्वास्त" जाहला होता. आप्पा म्हणाले, विश्वास आणि अस्त दोन्ही एकाच शब्दात, ऐसे कोणा शत्रूनेही लिहिले नसते. पाचवा घेऊन वकीलसाहेब जातीने हजर जाहले आणि काकुळतीस येऊन म्हणाले, "आप्पा, कायद्याला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही हो. अर्थ कळला की झालं."

"म्हणूनच कायदा इतका लांबतो."

"बाई, तुम्ही तरी सांगा यांना."

ताईसाहेब म्हणाल्या, "तुझ्या पेपरात मी अर्थच बघितला होता, म्हणून तू पास झालास. बस, चहा घे."

इतकियात वैद्यांची आज्ञा आली की झडपेची शस्त्रक्रिया गुरुवारी करावी, पुढे ढकलण्यात जोखीम आहे आणि करण्यातही आहे. वकीलसाहेबांनी बजावले की सह्या त्याआधी व्हाव्या. काही विपरीत घडले तर न्यासाचा कागद नुसता कागद राहील. तेव्हा बुधवारी सकाळी अकराची वेळ धरिली.

येथे ताईसाहेबांच्या मनाची हकीकत लिहिणे प्राप्त आहे. त्यांनी पाहिले होते की, ज्या दिवशी मसुदा येई त्या दिवशी आप्पा दाढी करीत, पोटभर जेवीत, पेन्सिलीस टोक नीट नाही म्हणून खेकसत. आणि ज्या दिवशी येत नसे त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून निजत. म्हणून मसुदा गुरुवारच्या आत संपावा ऐसे त्यांस वाटे, आणि तो कधीच संपू नये ऐसेही वाटे, आणि हे दोन्ही एकाच छातीत नांदत होते. हे त्या कोणास बोलल्या नाहीत.

मंगळवारी सहावा मसुदा आला. तेरा कलमे निर्धोक पार पडली. कलम चौदा ऐसे होते: संस्थापकाच्या मृत्युनंतर राहते घर न्यासाकडे जाईल आणि थोरली कन्या न्यासाची मुख्य विश्वस्त होईल. ताईसाहेबांनी ते खालच्या आवाजात, भरभर वाचिले.

"थांब. मृत्यू ऱ्हस्व लिहिलाय की दीर्घ?"

"ऱ्हस्व."

"वकिलाला सांग, मृत्यू दीर्घ असतो. ऱ्हस्व लिहिला म्हणून टळत नाही." मग क्षणभर भिंगाशी खेळून म्हणाले, "नाहीतर असं कर. 'निधनानंतर' लिही. निधन साधा शब्द आहे. एक वेलांटी, बाकी काना नाही, मात्रा नाही."

ताईसाहेबांनी समासात शब्द लिहिला. लिहिताना त्यांची नजर कागदावर नव्हती, आप्पांच्या मनगटावर होती, जेथे इस्पितळात तपासणीस जाऊन आल्याची पट्टी अजून चिकटलेली होती. लिहून जाहले आणि कागद वकीलसाहेबांकडे गेला, आणि तेथील टंकलेखिका बाईंनी समासात दिसले तेच इमानाने उतरून घेतले.

बुधवारी साडेदहा वाजता वकीलसाहेब मुद्रांकाच्या कागदावर छापलेला सातवा मसुदा आणि ताडून पाहण्यासाठी त्याची साधी प्रत घेऊन आले. जुळारीकाका साक्षीदार म्हणून इस्त्रीचा सदरा घालून आले होते. साधी प्रत आणि पेन्सिल आप्पांनी स्वतः घेतली, वकीलसाहेबांनी परत आणिलेला सहावा मसुदा ताईसाहेबांनी घेतला, आणि अखेरची मोहीम सुरू जाहली. ताईसाहेब वाचीत, आप्पा भिंग सरकवीत आणि "पुढे" म्हणत. एक कलम, दोन कलमे, तेरा कलमे. एकही चूक नाही. वकीलसाहेबांनी रुमालाने मान पुसली.

मग ताईसाहेबांस समासातले आपलेच अक्षर दिसले. निधानानंतर. ध ला काना. इतिहास शिकविणारी बाई, कानापंतांची लेक, आणि एक काना जास्त. समोर आप्पांच्या भिंगाखाली तोच शब्द छापलेला होता.

सांगावे, तर आप्पा सही करणार नाहीत. मसुदा परत जाईल, नवा मुद्रांक, नवी छपाई, आणि उद्या गुरुवार. न सांगावे, तर जन्मात पहिल्यांदा मूळ प्रत खोटी वाचावी लागेल. घड्याळाचा काटा एक घर सरकला. ताईसाहेब स्पष्ट आवाजात वाचत्या जाहल्या: "संस्थापकाच्या निधनानंतर."

भिंग थांबले. आप्पांची पेन्सिल कागदावर उतरली, थोडी हलली आणि उचलली गेली. ताईसाहेब कागदावरून मान वर करीनात.

"पुढे," आप्पा म्हणाले.

मग सह्या जाहल्या. आप्पांनी कापत्या हाताने पण प्रत्येक अक्षर सुटे सुटे लिहून सही केली. जुळारीकाकांपुढे कागद केला तो त्यांनी न पाहताच जागा बोटाने दाखवा म्हटले, आणि दाखविले तेथे सही ठोकली. वकीलसाहेब म्हणाले, "काका, वाचून तर घ्या." त्यावर काकांचे उत्तर, "याच्या नजरेखालून गेलंय ना? मग मी काय वाचायचंय?" आप्पांनी साधी प्रत चार घड्या करून आपल्या कापडी पिशवीत ठेविली, भिंग वर ठेविले, आणि पिशवी खुंटीस लाविली.

गुरुवारची शस्त्रक्रिया पार पडली. आप्पा घरी आले. अकरा आठवडे राहिले. त्या अकरा आठवड्यांत ताईसाहेबांनी कान्याची गोष्ट सांगण्यासाठी पुष्कळदा तोंड उघडिले, आणि दरवेळी औषध घेतलेत का, ऐसे विचारून मिटिले. बाराव्या आठवड्यात, एका सकाळी, वर्तमानपत्र दाराशी पडले आणि तेथेच राहिले.

त्यानंतर ताईसाहेबांस दोन दुःखे जाहली. एक जगाने ओळखिले आणि त्याचे सांत्वन केले. दुसरे कोणास ठाऊक नव्हते. आप्पांनी तो काना पाहिला नसेल, तर चाळीस वर्षांची नजर शेवटच्या प्रतीवर फसली, आणि ती आपण फसविली. पिशवी खुंटीवर तशीच होती. तिच्याखालचा केर त्या रोज काढीत, पिशवीस हात लावीत नसत.

महिन्याने कलम चौदा अमलात आणण्याची वेळ आली, आणि ताईसाहेब वकीलसाहेबांसह नोंदणी कचेरीवर चालून गेल्या. तेथील अधिकारीबाई गळ्यात साखळीने चष्मा अडकवून कागदांच्या ढिगाऱ्याआड बसल्या होत्या. त्यांनी दस्त वाचिला आणि चौदाव्या कलमावर बोट ठेविले.

"हे निधान काय?"

"ठेवा," ताईसाहेब म्हणाल्या. "खजिना."

"मग टंकदोष आहे. दुरुस्तीपत्र करून आणा, संस्थापकांच्या सहीनं." आणि ऐसे म्हणून जाहल्यावर अधिकारीबाईंस समोरचा मृत्यूचा दाखला दिसला. त्यांनी चष्मा काढिला, परत लाविला, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "बसा ना बाई. असं बघा, संस्थापकांनी स्वतः तपासलेली एखादी प्रत असेल तर घेऊन या. शब्द त्यांनी पाहिला होता असं दिसलं, तर मला शेरा मारता येईल. नाहीतर प्रकरण वर जाईल, आणि वर गेलेलं लवकर खाली येत नाही."

तेव्हा पिशवी उतरविणे भाग पडले. ताईसाहेब जेवणाच्या टेबलाशी, आपल्या नेहमीच्या बाजूस बसल्या. पिशवीतून भिंग निघाले, इस्पितळाची चिठ्ठी निघाली, आणि चार घड्यांचा कागद निघाला. पहिली तेरा कलमे कोरी. चौदाव्यात, निधानानंतर या शब्दाखाली, टिंबांची रांग. रांग सरळ नव्हती, एक टिंब तर वरच्या ओळीत चढले होते. समासात लिहिले होते: असो.

ताईसाहेबांनी भिंग घेऊन तो शब्द पुन्हा पाहिला, जरी तो भिंगावाचून दिसत होता. मग बऱ्याच वेळाने चिरंजीवांस फोन केला, रविवार नसताना.

"धाकट्या, त्यांनी पाहिला होता."

"काय पाहिला होता?"

"काना. चौदाव्या कलमातला. माझी चूक होती, मी लपवली, आणि त्यांना सगळं दिसत होतं."

मग चिरंजीव म्हणाले, "मग? त्यांच्या हातून काना सुटेल असं वाटलं होतं तुला? ताई, तू पण ना."

दुसऱ्या दिवशी तो कागद अधिकारीबाईंपुढे ठेविला, आणि टिंबांचा शिरस्ता समजावून सांगितला. अधिकारीबाईंनी पूर्ण ऐकून घेतले, रांगेतल्या लोकांस हाताने थांबविले, आणि दस्ताच्या बाजूस स्वहस्ते शेरा लिहिला: "शब्द संस्थापकांनी पाहून राखिला आहे. मूळ बरहुकूम कायम." मग शिक्का उमटविला. ऐशा रीतीने संस्थापकाच्या निधनानंतर नव्हे, तर निधानानंतर, घर न्यासाकडे आले.

पुढली खोली झाडून तेथे चार खुर्च्या, लांब टेबल आणि कपाटभर पुस्तके मांडिली. खिडकीशी मातोश्रींची खुर्ची ठेविली. डोळे तपासणारे एक गृहस्थ दर शनिवारी येऊ लागले. पहिल्या शनिवारी जुळारीकाका येऊन बसले, आणि चहा घेऊन जाहला तरी उठेनात. शेवटी म्हणाले, "ताई, तपासायचेत तर माझेही तपासा. तीन वर्षं झाली, अक्षर लागत नाही. तुझ्या बापाला सांगितलं असतं तर म्हणाला असता, तुला आधी तरी कुठं लागत होतं."

येणेप्रमाणे न्यासाचा पहिला चष्मा जुळारीकाकांच्या नाकावर चढला. वाचून पाहण्यास हाताशी दुसरे काही नव्हते, म्हणून ताईसाहेबांनी न्यासाचा दस्तच पुढे केला, ज्यावर काकांची स्वतःची, कधी न वाचलेली साक्ष होती. काका पहिल्या ओळीपासून ओठ हलवीत वाचू लागले. चौदाव्या कलमाशी ते थबकले, चष्मा वर केला, खाली केला, कागद उजेडात धरिला, आणि चाळीस वर्षांचा हिशेब चुकता करणारी आरोळी ठोकिली:

"अरे! सापडला! ताई, इथं काना जास्त पडलाय! कानापंताच्या कागदात!"

ताईसाहेब म्हणाल्या, "असो, काका."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, आणि तिची नोंद येथे करून ठेविली आहे. ही हकीकत दोन वेळा मोठ्याने वाचून ताडून पाहिली, विरामचिन्हांसुद्धा. तरीही एखादा काना कमीजास्त राहिला असल्यास, असो.